उतरवलेल्या वह्या, अडलेलं वाक्य

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे आज मराठी माध्यमातून कॉलेजात आलेल्या मुलामुलींनी बारा वर्षं हा विषय शिकलेला असतो. दहावीला, बारावीला त्यात ते पास झालेले असतात, पुष्कळांना बरे मार्कही असतात. तरी पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘आपल्या गावाबद्दल इंग्रजीत दहा ओळी लिहा’ असं सांगितलं की वर्गाचं काय होतं, ते इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणी पेन शोधायला लागतं, कोणी शेजारच्या वहीत डोकावतं, कोणाला नेमकं तेव्हाच बाहेर जायचं असतं. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “मॅडम, गाईडमधलं चालेल का?”

या भीतीवर जगभरात गेली पन्नास वर्षं संशोधन होत आलं आहे. अमेरिका, तैवान, जपान, तुर्कस्तान अशा ठिकाणी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या दिल्या गेल्या, निबंध तपासले गेले, उपाय करून पाहिले गेले. त्यातलं बरंचसं आपल्या वर्गांना लागू पडतं, काही पडत नाही. हा सगळा पसारा वाचताना आणि रोज वर्गात उभं राहताना माझं एक मत पक्कं होत गेलं, ते आधीच सांगते. आपल्याकडे ही भीती मुलांच्या स्वभावातून आलेली नाही. ती आपण शिकवण्याच्या आणि परीक्षा घेण्याच्या पद्धतीतून तयार केलेली आहे, त्यामुळे ती कमी करणंही आपल्याच हातात आहे.

सुरुवात १९७५ सालची. जॉन डेली आणि मायकेल मिलर या अमेरिकन संशोधकांनी लिहिण्याची धास्ती मोजणारी २६ विधानांची प्रश्नावली तयार केली. तेव्हा प्रश्न परक्या भाषेचा नव्हता. इंग्रजीच मातृभाषा असलेली कॉलेजची मुलं लिहायला का घाबरतात, हे त्यांना पाहायचं होतं. पुढच्या अभ्यासांत डेलींना असं दिसलं की ज्यांना ही धास्ती जास्त असते ते विषय निवडताना, नोकरीचा विचार करताना कमी लिखाणाची वाट धरतात. हे वाचलं तेव्हा आपल्याकडची कितीतरी मुलं डोळ्यांसमोर आली. ‘त्या विषयाला लिहायला फार लागतं’ एवढ्याच कारणावरून विषय सोडणारी मुलं दरवर्षी प्रवेशाच्या वेळी भेटतात.

परक्या भाषेचा वर्ग अभ्यासात आला तो १९८६ साली. टेक्सास विद्यापीठातल्या एलेन हॉरविट्झ यांनी सहकाऱ्यांसह ३३ विधानांची मोजपट्टी मांडली आणि परकी भाषा शिकतानाची भीती ही एरवीच्या घाबरटपणापेक्षा वेगळी गोष्ट आहे, असा दावा केला. एरवी धीट असणारा माणूसही नव्या भाषेच्या वर्गात गोठतो, कारण तिथे त्याला आपल्या वयाला आणि बुद्धीला न शोभणाऱ्या भाषेत व्यक्त व्हावं लागतं. मात्र या मोजपट्टीचा बराचसा रोख बोलण्यावर होता. लेखनाकडे खास लक्ष दिलं ते तैवानच्या युह-शो चेंग यांनी. त्यांनी २००४ साली केलेली २२ विधानांची प्रश्नावली आज या विषयात सगळीकडे वापरली जाते. तिच्यात भीतीचे तीन पदर वेगळे केले आहेत: छाती धडधडणं, हाताला घाम येणं हा शरीराचा, ‘माझं लिखाण वाचून लोक काय म्हणतील’ हा मनाचा, आणि लिहिणंच टाळण्याचा. मला तिसरा पदर सगळ्यात घातक वाटतो. धडधड थोड्या वेळाने थांबते, पण टाळणाऱ्याचा सराव होत नाही आणि सराव नसला की पुढच्या वेळी भीती वाढूनच येते.

चेंग यांच्याच २००२ सालच्या अभ्यासातला एक निष्कर्ष आपल्याकडच्या शिक्षकांनी भिंतीवर लावावा असा आहे. कुणाला इंग्रजी लेखनाची किती भीती वाटते, हे त्याच्या प्रत्यक्ष गुणांवरून जेवढं सांगता येतं त्यापेक्षा ‘मला इंग्रजीत लिहिता येतं का’ या प्रश्नाला तो स्वतःशी काय उत्तर देतो, त्यावरून अधिक चांगलं सांगता येतं. बरे मार्क असलेली मुलगी थरथरते आणि काठावर पास होणारा मुलगा बिनधास्त लिहितो, याचं कोडं इथे सुटतं. त्याच अभ्यासात मातृभाषेत लिहिण्याची भीती आणि परक्या भाषेत लिहिण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचंही दिसलं. मराठीत सुंदर निबंध लिहिणारी मुलगी इंग्रजीत गप्प होऊ शकते. मुलगे जास्त घाबरतात की मुली, यावरही पुष्कळ कागद खर्च झाले आहेत. निष्कर्ष देशागणिक बदलतात, त्यामुळे त्यात फार रमण्यात अर्थ नाही.

भीतीने कामगिरी किती घसरते? २०१९ साली यासिर तैमुरी आणि सहकाऱ्यांनी ९७ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. त्यात भाषेची भीती आणि भाषेतलं यश यांचा संबंध उणे ०.३६ निघाला. आकड्याचा अर्थ असा की भीती वाढते तिथे यश कमी होताना दिसतं आणि हा संबंध दुर्लक्ष करण्याइतका किरकोळ नाही, पण सगळं अपयश भीतीच्या माथी मारता येईल इतका मोठाही नाही.

खरा वाद त्यापुढे आहे. भीतीमुळे लिहिता येत नाही, की लिहिता येत नाही म्हणून भीती वाटते? रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो यांनी १९९१ साली दुसरी बाजू ठामपणे मांडली. त्यांचं म्हणणं, मूळ अडचण भाषेचे आवाज, स्पेलिंग, रचना पकडण्याच्या क्षमतेत असते आणि भीती हा तिचा परिणाम. उलट बाजूने पीटर मॅकिंटायर आणि रॉबर्ट गार्डनर यांचा १९९४ सालचा कॅनडातला प्रयोग आहे. नवे शब्द शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी मध्येच व्हिडिओ कॅमेरा चालू केला. कॅमेरा येताच विद्यार्थी अस्वस्थ झाले आणि त्यांचं शिकणं घसरलं. त्यांची क्षमता त्या क्षणी बदललेली नव्हती, बदललं होतं ते फक्त आपल्याकडे कोणीतरी पाहत असल्याचं भान. मला दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या वाटतात, कारण एकातून दुसरं निघतं. मात्र महाराष्ट्रातल्या कॉलेजांबद्दल बोलायचं तर या वादाच्या आधीची एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे आपल्या मुलांनी इंग्रजीत लिहिलेलंच नसतं.

हे ऐकून कोणी म्हणेल, असं कसं? मुलं तर वह्याच्या वह्या भरतात. बरोबर आहे. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री जाऊन पाहा. एका सीनियरचं जर्नल मधे ठेवलेलं असतं आणि चार जण त्यावरून एम, थिअरी, प्रोसिजर, कन्क्लुजन असं सगळं उतरवून काढत असतात. पानाच्या कडेला समास आखलेला असतो, शीर्षकाखाली दोन रेघा मारलेल्या असतात. कन्क्लुजनसुद्धा उतरवलेलं असतं, म्हणजे स्वतः केलेल्या प्रयोगातून काय निष्पन्न झालं हे वाक्यही दुसऱ्याचं. बी.ए., बी.कॉम.ला जर्नल नसतं, तिथे गाईड असतं. पत्रलेखनाचे ठरलेले साचे, निबंधांचे ठरलेले विषय, परीक्षेच्या आधी फिरणारी ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी. शाळेत तर धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बाई फळ्यावर लिहून देतात आणि मुलं ती वहीत घेऊन पाठ करतात. म्हणजे बारा-पंधरा वर्षांत शेकडो पानं इंग्रजी मजकूर मुलाच्या हातातून गेलेला असतो, पण त्यातलं स्वतः जुळवलेलं वाक्य शोधून सापडत नाही. पोहण्याच्या तलावाच्या काठाकाठाने इतकी वर्षं चाललेल्या माणसाला एके दिवशी खोल पाण्यात उडी मार म्हणावं, तसं आपण या मुलांना म्हणतो. मग ती घाबरली की त्यांना ‘न्यूनगंड’ आहे असं निदान करून मोकळे होतो.

ही भीती लिखाणाचं काय करते, ते एका वहीत मला फार जवळून दिसलं. माणदेशातली एक मुलगी होती, पहिल्या वर्षाला. गावाबद्दल लिहायचं होतं. तिने वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने मराठीत लिहून काढलं होतं: गावात टँकर दोन दिवसांनी येतो, पहाटे चारपासून हंड्यांची रांग लागते, आजी रांगेत बसूनच माळ ओढते. पुढच्या पानावर निळ्या शाईने इंग्रजी उत्तर होतं, ‘माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल. देअर आर मेनी ग्रीन ट्रीज. पीपल आर व्हेरी हॅपी.’ एकही चूक नव्हती.

मी विचारलं, “अगं, टँकर कुठे गेला?”

ती म्हणाली, “मॅडम, ते इंग्लिशमध्ये चुकलं असतं.”

तिला ‘ग्रीन ट्रीज’ बिनचूक येत होतं, म्हणून तिच्या दुष्काळी गावात हिरवी झाडं उगवली. दहापैकी आठ मार्क मिळतील असं ते उत्तर होतं आणि आपल्या पेपरतपासणीच्या पद्धतीत ते मिळतातही. लेखनभीतीच्या प्रश्नावलीत अशा मुलीला फार गुणही पडणार नाहीत, कारण ती लिहिणं टाळत नाही. ती खरं लिहिणं टाळते. या विषयावरच्या बहुतेक सर्वेक्षणांत मला हीच उणीव दिसते: विद्यार्थ्याला किती भीती वाटते एवढं मोजलं जातं, त्या भीतीपोटी त्याने काय लिहायचं सोडून दिलं, ते मोजलं जात नाही.

या सोडून देण्याची एक बाजू माइक रोझ यांनी १९८० सालीच दाखवली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या दहा विद्यार्थ्यांचा त्यांनी अभ्यास केला. पाच जणांचं लिखाण अडत होतं, पाच जणांचं अडत नव्हतं. अडणाऱ्यांच्या डोक्यात कडक नियम होते. निबंधाची सुरुवात वाचकाला पकडणारीच हवी, मुद्दे तीन किंवा अधिकच हवेत, असे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण गरज पडली तर ते बाजूला ठेवायची त्यांची तयारी होती. आपल्या मुलांच्या नियमांची यादी केली तर रोझ यांची यादी लहान वाटेल. सुरुवातीला सुविचार हवाच. शेवटी ‘अशा प्रकारे’ हवं. वाक्य ‘अँड’ किंवा ‘बट’ने सुरू करायचं नाही. खाडाखोड केली की मार्क जातात. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जास्त सलतो. खाडाखोड हे लिहिण्याचं काम आहे, आणि तेच करायची मुलांना चोरी वाटते.

दुसरी बाजू मिना शॉनेसी यांची. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शाळा पूर्ण केलेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला, तेव्हा गरीब, कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकन घरांतली पहिल्या पिढीची मुलं कॉलेजात आली. त्यांचं इंग्रजी पाहून प्राध्यापक हबकले. शॉनेसींनी या मुलांचे सुमारे चार हजार प्रवेश-निबंध वाचून काढले आणि १९७७ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं होतं की या चुका बेफिकिरीच्या नाहीत, प्रत्येक चुकीमागे काहीतरी तर्क आहे. आणि लेखक म्हणून ही मुलं नवशिकी आहेत, मंद नाहीत. आपल्याकडच्या चुकांनाही असाच तर्क असतो. मराठीत ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ अशी उपपदं नाहीत, म्हणून ती गळतात. ‘तीन वर्षांपासून शिकतो आहे’ असं मराठीत वर्तमानकाळात म्हणतात, म्हणून इंग्रजीतही वर्तमानकाळच येतो. तर्क कळला की शिक्षकाचा राग ओसरतो आणि विद्यार्थ्याची लाजही कमी होते.

शॉनेसींचं पुस्तक वाचताना आपला वर्ग आठवतो, कारण आपल्याकडेही हा प्रश्न पहिल्या पिढीचा आहे. इंग्रजी ही आपल्याकडे नुसती भाषा कधीच नव्हती. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. ज्यांना संस्कृतची दारं बंद होती त्यांना इंग्रजीत सुटकेची वाट दिसली होती आणि ती ओढ आजही तितकीच खरी आहे. खेड्यातला शेतमजूर पोटाला चिमटा काढून मुलीला सेमी-इंग्रजीत घालतो, तो खुळा नाही. त्याला नोकरीच्या जाहिराती दिसतात. पण जितकं मोल मोठं तितकी चुकण्याची भीती मोठी. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची चूक ‘टायपो’ ठरते आणि आश्रमशाळेतून आलेल्या मुलाची चूक त्याच्या लायकीचा पुरावा ठरते. हे वर्गात कोणी तोंडाने बोलत नाही, पण आडनाव आणि गाव विचारण्याच्या सुरातून मुलांना ते कळतं. प्रश्नावल्यांत या भीतीला रकाना नाही.

स्पर्धा परीक्षांनी ही भीती आणखी धारदार केली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत उमेदवार बाकीचे पेपर मराठीत लिहू शकतो, पण इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर द्यावाच लागतो आणि त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर गुणवत्तेसाठी धरलेच जात नाहीत. पुण्यातल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना ७५ मार्क अवघड नसतात. त्यांना धसका असतो तो निबंधाचा आणि साराचा, कारण या दोन गोष्टी पाठ करता येत नाहीत.

आता लाल शाईकडे वळते. लेखन सुधारायचं म्हणजे प्रत्येक चूक दुरुस्त करायची, अशी आपल्या शिक्षकांची ठाम समजूत आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली एका लेखात या समजुतीलाच हात घातला. परकी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्याने लेखन सुधारतं याला पुरावा नाही, उलट मुलं अवघड वाक्यं टाळून सोपं आणि कमी लिहायला लागतात, म्हणून ही दुरुस्ती सोडून द्यावी, असं त्यांचं टोकाचं म्हणणं. डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं की निवडक, स्पष्ट आणि वेळच्या वेळी केलेली दुरुस्ती उपयोगी पडते. त्यानंतरच्या अभ्यासांचा कौल बराचसा फेरिस यांच्या बाजूने गेला आहे. एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर बोट ठेवलं तर ती सुधारते, असं पुष्कळदा दिसलं. पण ‘मुलं टाळायला शिकतात’ हा ट्रस्कॉट यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. टँकर खोडून झाडं लावणाऱ्या मुलीला ते कोणीतरी शिकवलेलंच होतं.

शिक्षकांच्या बाजूनेही हिशेब करून पाहावा. वर्गात शंभर मुलं, प्रत्येकाचं एक पान, एका पानाला दहा मिनिटं. हजार मिनिटं झाली, म्हणजे जवळपास सतरा तास, एका पानाच्या एका फेरीला. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत धावणाऱ्या प्राध्यापकाने हे कधी करायचं? म्हणून तो लिहायलाच देत नाही आणि उतरवून आणलेल्या वहीवर सही करतो. म्हणजे सगळ्या चुका तपासायच्या या हट्टापायी मुलांचं लिहिणंच बंद पडलं आहे. ट्रस्कॉट आणि फेरिस यांच्या भांडणातून आपण एवढं उचललं तरी पुरे की सगळं तपासायची गरज नाही. दहा पानं लिहून घ्यावीत, त्यातलं एक तपासावं, आणि त्या एका पानातही या खेपेला फक्त काळ, पुढच्या खेपेला फक्त उपपदं पाहावीत.

दुसरी एक समजूत म्हणजे इंग्रजीत लिहायचं तर इंग्रजीतच विचार करा. हे वाक्य मी असंख्य कार्यशाळांत ऐकलं आहे आणि त्याने मुलांचं नुकसान होताना पाहिलं आहे. जपानमध्ये हिरोए कोबायाशी आणि कॅरल रिनर्ट यांनी १९९२ साली विद्यापीठातल्या ४८ विद्यार्थ्यांकडून दोन प्रकारे निबंध लिहून घेतले: एक थेट इंग्रजीत आणि एक आधी जपानीत लिहून मग भाषांतर करून. भाषांतराच्या वाटेने आलेले निबंध आशयाने आणि शैलीने सरस ठरले, आणि याचा फायदा ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं त्यांना अधिक झाला. अँड्र्यू कोहेन आणि अमांडा ब्रुक्स-कार्सन यांच्या २००१ च्या अभ्यासात मात्र फ्रेंच शिकणाऱ्या मधल्या पातळीवरच्या विद्यार्थ्यांपैकी दोन-तृतीयांश जणांना थेट लिहिणंच मानवलं. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ सरळ लागतो. सुरुवातीला आपल्या भाषेचा आधार घेऊ द्या, पाय स्थिरावले की तो आपोआप सुटतो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं. त्या पद्धतीच्या मर्यादा होत्या, पण तिच्यात विद्यार्थ्याला स्वतः वाक्य जुळवावं लागे, शेजारी मराठी उभी असे, आणि मराठी ही लाजेची गोष्ट मानली जात नसे. आज सेमी-इंग्रजीतून आलेल्या पुष्कळ मुलांची अडचण अशी आहे की मराठीतही त्यांनी गाईडपलीकडे काही लिहिलेलं नसतं. जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेला सिद्धान्त सांगतो की एका भाषेत कमावलेली वाचन-लेखनाची ताकद दुसरीत उतरते. पण आधी ती कमावलेली असावी लागते. इंग्रजी लेखन सुधारायचं असेल तर मराठीच्या तासाला खरंखुरं लेखन सुरू करा, असं मी म्हणते तेव्हा इंग्रजीच्या सहकाऱ्यांना ते विषयांतर वाटतं. मला तो उपायाचा पहिला भाग वाटतो.

पदवीनंतर ही भीती जात नाही, ती प्रबंधात जाऊन बसते. काही विषयांत प्रबंध मराठीत लिहिता येतो, विज्ञान, अभियांत्रिकी, वाणिज्यात व्यवहारतः इंग्रजीच. पीएच.डी.आधी शोधनिबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढली, हे बरं झालं, कारण त्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची चांदी केली होती. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियम मात्र लागू आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर प्रबंध दुरुस्तीला परत येतो, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. चोरी ती चोरीच, तिची बाजू घ्यायची नाही. पण रेबेका हॉवर्ड या अमेरिकन प्राध्यापिकेने नव्वदच्या दशकात एक भेद दाखवला तो इथे कामाचा आहे. परक्या विषयात नव्याने लिहू लागलेला विद्यार्थी मूळ वाक्य घेतो, दोन शब्द बदलतो, एक तुकडा गाळतो, दुसरा जोडतो. हॉवर्ड याला ठिगळं जोडून लिहिणं म्हणतात आणि तो शिकण्याचा एक टप्पा मानतात. ज्याने पंधरा वर्षं फक्त उतरवलं, त्याच्याकडून प्रबंधाच्या वेळी दुसरं काय होणार? आपण त्याच्या हातात साम्याचा अहवाल देतो. टिपण कसं काढावं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं सांगावं, हे मात्र कुठल्याच वर्षी शिकवत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ठिगळांचीही गरज उरली नाही. मोबाइलवर दोन ओळी मराठीत टाकल्या की पानभर गुळगुळीत इंग्रजी येतं. घाबरलेल्या मुलाला यासारखा आसरा नाही आणि त्याच्या शिकण्याला यासारखा धोका नाही. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. यंत्राने लिहिलेलं पकडणारी यंत्रं कॉलेजांनी घेतली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात यंत्रं तपासली. परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दाखवले. त्यातले सरासरी ६१ टक्के निबंध या यंत्रांनी ‘माणसाने लिहिलेले नाहीत’ असं ठरवलं. कारण साधं होतं. मोजका शब्दसाठा, अपेक्षित शब्दानंतर अपेक्षित शब्द, सोपी वाक्यं, ही नवशिक्याच्या इंग्रजीची लक्षणं यंत्राला यंत्राच्या लिखाणासारखीच वाटतात. म्हणजे ज्या मुलीने जिवाच्या कराराने स्वतःच्या हाताने लिहिलं, तिच्यावरच चोरीचा आळ येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. केवळ अशा यंत्राच्या अहवालावरून विद्यार्थ्याला दोषी धरणं अन्यायाचं आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी तसं लेखी जाहीर करावं.

उपायांवरचं संशोधन कारणांवरच्या संशोधनापेक्षा विरळ आहे, तरी दिशा कळते. तुर्कस्तानात भावी इंग्रजी शिक्षकांच्या एका गटाला एकमेकांचं लिखाण वाचून चर्चा करायला लावलं, तेव्हा फक्त शिक्षकांकडून शेरे मिळणाऱ्या गटापेक्षा त्यांची भीती कमी झाली. एकाच परीक्षेऐवजी वर्षभरातलं लिखाण एका फायलीत जमवून त्यावर मूल्यमापन करण्याच्या प्रयोगांतही असंच दिसलं. पीटर एल्बो यांनी १९७३ पासून सांगितलेलं दहा मिनिटं न थांबता, न खोडता, कुणाला न दाखवता लिहिणं तर फुकट आहे. मी वर्गात ते मराठी-इंग्रजी मिसळून करून घेते. इंग्रजी शब्द अडला तिथे मराठी लिहायचं आणि पुढे जायचं. माणदेशातल्या त्या मुलीने पुढे लिहिलं, ‘टँकर कम्स आफ्टर टू डेज. वी स्टँड इन लाइन फ्रॉम मॉर्निंग फोर. माय ग्रँडमदर डूइंग माळ इन लाइन.’ यात चुका आहेत, आणि तिच्या वहीतलं हे पहिलं खरं इंग्रजी आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम सध्या नव्याने लिहिले जात आहेत. अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या गुणांपैकी निम्मे गुण तरी वर्गात, समोर बसून, स्वतः लिहिलेल्या पानांच्या फायलीला द्या. त्या फायलीत कच्चे खर्डे आणि खाडाखोड असलीच पाहिजे, अशी अट घाला. पाठ करून लिहिता येतील असे पत्रांचे आणि निबंधांचे प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाका. शंभराच्या वर्गाला लेखनासाठी पंचवीसच्या तुकड्या मिळाव्यात म्हणून भांडा. आणि शिक्षक मित्रांनो, उद्याच्या तासाला गाईड मिटायला लावून मुलांकडून पाच ओळी लिहून घ्या, आणि त्या वाचताना पहिल्यांदा लाल पेन हातात घेऊ नका.